एकदा पेटवणं सोपं, पुन्हा पेटवणं अवघड!

रॉकेटच्या इंजिनात लेझरने ठिणगी पाडायचे प्रयोग जगात सुरू आहेत. आपण त्याकडे लक्ष का द्यायचं?

रूमवर चहा टाकायचाय. नॉब फिरवला, लायटर दाबलं. टक्. नाही पेटला. टक्, टक्. तोवर गॅस सुटतोच आहे. चौथ्या टक्‌ला 'भप्प' असा आवाज होतो, ज्योत एकदम हातभर वर येते आणि मनगटावरचे केस करपल्याचा वास येतो. रूम करून राहणाऱ्या बऱ्याच जणांनी हे एकदा तरी अनुभवलं असेल. माझ्या बाबतीत गेल्या पावसाळ्यात झालं आणि चूक सरळसरळ माझी होती. पहिल्यांदा पेटला नाही तेव्हाच नॉब बंद करून, खिडकी उघडून, थोडं थांबायला हवं होतं.

त्या 'भप्प'मागचं कारण साधं आहे. ठिणगी उशिरा पडली आणि तोवर गॅस साचला. आता हीच गोष्ट रॉकेटच्या इंजिनात झाली तर? मोठ्या इंजिनात सेकंदाला शेकडो किलो इंधन आणि ऑक्सिजन आत येतो. ठिणगी सेकंदाच्या छोट्याशा भागाने जरी उशिरा पडली, तरी साचलेलं सगळं एकदम पेटतं आणि इंजिन फुटू शकतं. इंजिनिअर लोक याला 'हार्ड स्टार्ट' म्हणतात. ठिणगी पडलीच नाही तर रॉकेट जागच्या जागी. अवकाशात असताना पडली नाही, तर कोट्यवधींचा उपग्रह गेला.

आपण रॉकेटच्या बातम्या वाचतो तेव्हा थ्रस्ट किती, वजन किती, चंद्रावर कधी, हे बघतो. पेटवतात कसं, हे फारसं कुणी विचारत नाही. पण २०२४ च्या मे महिन्यात चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉस या स्टार्टअपचं 'अग्निबाण' श्रीहरिकोट्यात उभं होतं, तेव्हा २८ मेला उड्डाण अगदी शेवटच्या क्षणी थांबवलं गेलं. कारण काय, तर इग्नायटर नीट काम करेल ना, याची खात्री करायची होती. दोन दिवसांनी, ३० मेला ते रॉकेट उडालं. सगळं तयार होतं, फक्त काडी ओढायची तेवढी राहिली होती. त्या काडीची ही गोष्ट.

रॉकेट पेटवायच्या चार तऱ्हा

द्रवरूप इंधनाच्या रॉकेटमध्ये दोन टाक्या असतात. एकात इंधन, दुसऱ्यात ते जाळणारा ऑक्सिडायझर. वर हवा नसते, म्हणून ऑक्सिजनची सोय बरोबर न्यावी लागते. दोन्ही एका चेंबरमध्ये येऊन जळतात आणि गरम वायू मागून बाहेर पडतो. हे जळणं सुरू करायच्या आजवर मुख्यतः चार तऱ्हा चालत आल्या आहेत.

पहिली, ठिणगीच नको. काही रसायनं एकमेकांना भेटली की आपोआप पेट घेतात. इस्रोचं 'विकास' इंजिन असं आहे. पीएसएलव्ही, जीएसएलव्ही, एलव्हीएम-३ या तिन्ही रॉकेटमध्ये ते असतं आणि मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात ते बनतं. चांद्रयान-३ च्या लँडरची इंजिनंही याच जातीची. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर डिझेल इंजिन. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला आणि पुढे तिथे भारतातली सुरुवातीची डिझेल इंजिनं बनली. डिझेलला स्पार्क प्लग लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं. रॉकेटमध्ये कारण वेगळं असतं, तिथे रासायनिक क्रियेनेच आग लागते. पण प्लगची कटकट नाही, हा फायदा दोन्हीकडे आहे. तोटा एकच आणि मोठा. ही रसायनं भयंकर विषारी असतात. शिवाय त्यांच्यातून मिळणारी ताकद हायड्रोजन किंवा मिथेनपेक्षा कमी पडते.

दुसरी, सरळ काडी. रशियाचं सोयुझ रॉकेट आजही जवळजवळ असंच पेटवतात. बर्च झाडाच्या लाकडाच्या लांब दांड्यांवर दारूच्या नळकांड्या बांधतात आणि त्या खालून इंजिनाच्या तोंडात घालतात. त्या पेटल्या की त्यांच्यावरची बारीक तार जळून तुटते, सिग्नल जातो आणि मग इंधनाचे व्हॉल्व्ह उघडतात. ऐकायला गावठी वाटतं, पण गेली साठ-सत्तर वर्षं हे चालतंय. मात्र काडी एकदाच जळते.

तिसरी, हवेत येताच पेटणारं रसायन. स्पेसएक्सचं फाल्कन-९ उडताना सुरुवातीला क्षणभर हिरवी झाक दिसते, ती याची. ट्रायइथाइल ॲल्युमिनियम आणि ट्रायइथाइल बोरॉन यांचं मिश्रण थोडंसं आत सोडतात. ते ऑक्सिजनला भेटलं की भडकतं आणि मग रॉकेल पेटतं. इस्रोनेही केरोसीनवर चालणाऱ्या नव्या सेमीक्रायोजेनिक इंजिनासाठी हाच मार्ग घेतला. २ मे २०२४ ला तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला प्री-बर्नर पेटवायची चाचणी झाली, त्यात हे मिश्रण भरलेली कुपी इस्रोने पहिल्यांदा वापरली.

चौथी, स्पार्क प्लग. आपल्या बाइकसारखाच. पण थेट मोठ्या चेंबरमध्ये ठिणगी पुरत नाही. म्हणून आधी एक छोटी मशाल पेटवतात आणि त्या मशालीने मुख्य इंजिन पेटतं. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या इंजिनांत असे प्लग होते. गंमत म्हणजे शटल उडताना खाली फुलबाज्यांसारख्या ठिणग्या उडताना दिसायच्या, त्यांनी इंजिन पेटत नव्हतं. त्या फक्त आजूबाजूला साचलेला हायड्रोजन जाळून टाकायला होत्या. मशालीचा प्रकार भरवशाचा, पण त्यासाठी वेगळे पाइप, वेगळे व्हॉल्व्ह, वेगळं वायरिंग. जितके भाग जास्त, तितक्या बिघडायच्या जागा जास्त.

प्रश्न 'पुन्हा'चा आहे

आता मुद्द्याकडे. जुन्या काळी रॉकेट एकदा पेटवायचं, उपग्रह सोडायचा, विषय संपला. आज तसं राहिलेलं नाही. एकाच रॉकेटमधून वेगवेगळे उपग्रह वेगवेगळ्या कक्षांत सोडायचे असतात. त्यासाठी वरचा टप्पा बंद करायचा, वाट बघायची, पुन्हा पेटवायचा. खालचा टप्पा परत जमिनीवर उतरवायचा असेल तर उतरतानाही इंजिन पुन्हा पेटवावं लागतं. आणि काम झालेला टप्पा कक्षेत कचरा म्हणून राहू नये, यासाठी शेवटी एकदा पेटवून तो खाली पाडावा लागतो.

इथे गोष्टी कशा फसतात, याची दोन ताजी उदाहरणं बघा. ६ फेब्रुवारी २०१८ ला फाल्कन हेवी पहिल्यांदा उडालं. बाजूचे दोन बूस्टर अगदी ऐटीत उतरले, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. मधला मात्र समुद्रात आदळला. उतरताना तीन इंजिनं पेटायला हवी होती, त्यातलं एकच पेटलं. कारण पेटवायचं ते रसायन संपलं होतं. इंधन होतं, इंजिन ठीक होतं, काडेपेटी रिकामी होती!

दुसरं युरोपचं. ९ जुलै २०२४ ला एरियन-६ पहिल्यांदा उडालं. त्याच्या वरच्या टप्प्यातलं विंची इंजिन अवकाशात एकदा पुन्हा पेटलंही. पण नंतर एक सहायक यंत्रणा बंद पडली आणि शेवटचं पेटवणं राहून गेलं. तो टप्पा ठरल्याप्रमाणे खाली न येता कक्षेतच राहिला.

भारतही याच परीक्षेला बसलाय. एलव्हीएम-३ च्या वरच्या टप्प्यात सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन असतं. त्यात उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन वापरतात. ७ फेब्रुवारी २०२५ ला महेंद्रगिरीला निर्वात चेंबरमध्ये हे इंजिन 'मल्टी-एलिमेंट इग्नायटर' लावून पेटवून बघितलं. अवकाशात ते पुन्हा पेटवायच्या तयारीतली ही पायरी होती. मग २ नोव्हेंबर २०२५ ला एलव्हीएम-३ ने सीएमएस-०३ हा ४,४१० किलोचा उपग्रह सोडला. उपग्रह वेगळा झाल्यावर त्याच टप्प्याचं थ्रस्ट चेंबर पहिल्यांदाच अवकाशात पुन्हा पेटवून दाखवलं गेलं. बातम्यांत मथळा गेला उपग्रहाच्या वजनाला. माझ्या मते त्या दिवसाची मोठी बातमी दुसरीच होती.

आणि पुढचं काम यापेक्षा मोठं आहे. १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नेक्स्ट जनरेशन लाँच व्हेइकल म्हणजे एनजीएलव्हीला मंजुरी दिली. ८,२४० कोटी रुपये, मुदत ९६ महिने. पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टनांपर्यंत वजन न्यायचं आणि पहिला टप्पा पुन्हा वापरायचा, असं ठरलंय. त्यासाठी मिथेन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या इंजिनांचा विचार आहे. म्हणजे आपोआप पेटणारं इंधन नाही आणि तेच इंजिन अनेकदा पेटवायचं आहे. काडी एकदाच जळते, रसायनाची कुपी संपते, मशालीला जास्तीचं प्लंबिंग लागतं. मग पाचवी तऱ्हा काय?

हवेतच ठिणगी

पाचवी तऱ्हा म्हणजे लेझर. 'लेझरने जाळायचं' म्हटल्यावर डोळ्यांसमोर सिनेमातली लाल रेघ येते. इथे तसं काही नसतं. बहुतेक प्रयोगांत वापरतात तो १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर डोळ्यांना दिसतच नाही. तो सलगही चालत नाही, अगदी छोटे झटके देतो.

आकडे घेऊन बघू. समजा एका झटक्यात ३० मिलिज्यूल ऊर्जा आहे. किती झाली ही? आपल्या रूममधला १० वॅटचा एलईडी बल्ब तीन मिलिसेकंदांत एवढी वीज खातो. म्हणजे काहीच नाही. पण लेझर ती सगळी ऊर्जा फक्त ३ नॅनोसेकंदांत सोडतो. भागाकार करा, त्या क्षणापुरती शक्ती येते १ कोटी वॅट, म्हणजे १० मेगावॅट. आपल्या कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. तिच्या साधारण दोनशेव्या भागाइतकी शक्ती, तीही केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यात, पण फक्त नॅनोसेकंदांसाठी. किती छोटा हा वेळ? मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोमध्ये दोन फ्रेममध्ये जेवढी फट असते, तेवढ्यात असे तेरा-चौदा लाख झटके बसतील.

लेन्सने हा झटका एका बिंदूवर आणला की तिथल्या वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. ते पुढच्या अणूंवर आदळतात, आणखी सुटतात आणि क्षणात तिथे प्लाझ्मा तयार होतो. हजारो अंश तापमानाचा पांढरा-निळसर ठिपका, आणि 'चट्' असा आवाज. काहीही न टेकवता, हवेतच पडलेली ठिणगी. तिच्यापासून ज्योतीचा छोटा गोळा तयार होतो आणि तो टिकला तर पूर्ण चेंबर पेटतं.

याचे फायदे तीन. एक, ठिणगी कुठे पाडायची हे आपण ठरवतो. स्पार्क प्लग भिंतीलाच असतो आणि थंड भिंत ज्योतीची उष्णता ओढून घेते. लेझर ठिणगी मधोमध, जिथे मिश्रण चांगलं आहे तिथे पाडता येते. दोन, कधी पाडायची हेही अगदी नेमकं ठरवता येतं. आणि सुरुवातीच्या त्या 'भप्प'वरचा उपाय हाच तर आहे. तीन, झिजणारं इलेक्ट्रोड नाही, संपणारं रसायन नाही. वीज आहे तोवर कितीही वेळा पेटवा. शिवाय एक मजेशीर गोष्ट. चेंबरमधला दाब वाढला की स्पार्क प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, लेझरचं काम उलट सोपं होतं.

हे कागदावरच नाही. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संस्थेच्या लाम्पोल्ड्सहाउझेन केंद्रात छोटा लेझर थेट इंजिनाच्या चेंबरवर बसवून हायड्रोजन आणि मिथेन शेकडो वेळा पेटवले गेले आहेत. रशियात सोयुझच्या त्या लाकडी काड्यांना पर्याय म्हणून लेझरच्या चाचण्या झाल्या. जपानमध्ये ताकुनोरी ताइरा यांच्या गटाने २०११ च्या सुमारास गाडीच्या स्पार्क प्लगएवढा लेझर करून दाखवला. तोवर अडचण हीच होती, की एवढा जोरदार झटका देणारा लेझर टेबलभर जागा घ्यायचा.

मग घोडं अडतं कुठं?

इतकं भारी आहे तर सगळे वापरत का नाहीत? हा प्रश्न विचारायलाच हवा, नाहीतर आपण नुसतेच 'वाव' म्हणत बसू.

उत्तर समजायला ओगलेवाडीला जाऊ. कराडजवळच्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील एकेकाळी महाराष्ट्रभर घराघरात होता. आजी-आजोबांना विचारा, संध्याकाळचं पहिलं काम काय असायचं? कंदिलाची काच पुसणं. कारण काजळी. काच काळी झाली की आत ज्योत कितीही चांगली असो, उजेड बाहेर येत नाही.

लेझरची अडचण नेमकी हीच, फक्त उलटी. इथे उजेड बाहेरून आत न्यायचा आहे. त्यासाठी चेंबरला एक छोटी खिडकी लागते. त्या खिडकीच्या एका बाजूला लेझर, दुसऱ्या बाजूला तीन हजार अंशांच्या घरातली आग आणि प्रचंड दाब. केरोसीन जाळलं तर काजळी धरते. हायड्रोजन जाळला तर काजळी नाही, पण पाण्याची वाफ होते आणि गार काचेवर ती गोठू शकते. लेझरचा झटका काचेवरची थोडीफार घाण स्वतःच उडवतो, हेही प्रयोगांत दिसलंय, पण त्यावर किती भरवसा ठेवायचा? घरी काच पुसायला कुणीतरी असायचं. अवकाशात कोण पुसणार?

दुसरी अडचण हादरे. उडताना रॉकेट इतकं थरथरतं, की लेन्स जराशी हलली तरी तो केसाएवढा ठिपका भलतीकडे पडतो. तिसरी, केबल. लेझर लांब सुरक्षित ठेवून ऑप्टिकल फायबरने प्रकाश न्यावा, तर एवढ्या शक्तीने फायबरच खराब होतो. म्हणून लेझर इंजिनालाच चिकटवावा लागतो, तापलेल्या आणि थरथरणाऱ्या जागी. चौथी, ठिणगी वेळेवर पडली पण त्या ठिकाणी मिश्रणच बरोबर नसेल, तर ज्योतीचा गोळा विझतो.

आणि पाचवी सगळ्यात महत्त्वाची. इंजिन न पेटण्याचा दोष नेहमी ठिणगीचाच असतो असं नाही. इस्रोची दोन अपयशं शेजारी ठेवून बघा. १५ एप्रिल २०१० ला जीएसएलव्ही-डी३ पडलं. पहिल्यांदा वाटलं, क्रायोजेनिक इंजिन पेटलंच नसावं. चौकशीत कळलं, ते पेटलं होतं. पण हायड्रोजन पुढे ढकलणारा बूस्टर पंप काही क्षणांतच बंद पडला. १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० चं क्रायोजेनिक इंजिन खरंच पेटलं नाही आणि ईओएस-०३ उपग्रह गेला. पण तिथेही कारण इग्नायटर नव्हता. एका व्हॉल्व्हच्या सीलमधून गळती झाली आणि हायड्रोजनच्या टाकीत दाब कमी पडला. तिथे जगातला सगळ्यात भारी लेझर असता तरी काही झालं नसतं. पंप, व्हॉल्व्ह, सील, ठिणगी, ही एकच साखळी आहे. लेझर तिची एक कडी मजबूत करतो, बाकीच्या नाही.

म्हणून 'इस्रोने ताबडतोब लेझर लावावा' असं मी म्हणणार नाही. एकदाच वापरायच्या बूस्टरला कुपी किंवा काडी पुरते, स्वस्त पडते आणि तपासलेली आहे. अनेकदा पेटणाऱ्या मिथेन इंजिनाचं गणित मात्र वेगळं आहे. मिथेन केरोसीनपेक्षा खूप कमी काजळी करतो, म्हणजे खिडकीचा प्रश्न निम्मा हलका होतो. आणि चेंबरला खिडकी ठेवायची की नाही, हे डिझाइन पक्कं व्हायच्या आधीच ठरवावं लागतं. एकदा इंजिन तयार झालं, हजारो सेकंदांच्या चाचण्या झाल्या, की मग 'इथे एक भोक पाडू या' असं कुणी ऐकून घेत नाही. त्यामुळे निदान चाचणीच्या चेंबरवर लेझरला जागा ठेवायची असेल तर वेळ आत्ताची आहे. पाच वर्षांनी उशीर झालेला असेल.

साताऱ्या-सांगलीचा यात काय संबंध?

'हे सगळं महेंद्रगिरीला नाहीतर जर्मनीत. आपण प्लेसमेंटचं बघू,' असं कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणणारच. म्हणून वरची अडचणींची यादी पुन्हा वाचा. काच, सील, लेन्सची पकड, हादरे, काजळी, व्हॉल्व्ह. यातला एकही शब्द 'रॉकेट सायन्स' म्हणून घाबरवणारा नाही. हे वर्कशॉपचे शब्द आहेत.

आणि वर्कशॉप आपल्या पट्ट्याला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, त्या किर्लोस्करवाडीची आज ओळखच पंपांनी होते. सातारा रोडला कूपर आणि पुढे वालचंद समूहाची फाउंड्री. त्याच वालचंदनगर इंडस्ट्रीजने इंदापूर तालुक्यातल्या कारखान्यात पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ च्या घन इंधनाच्या मोटरची आवरणं बनवली आहेत. ओगलेवाडीला काच होती. पंप, ओतकाम, काच, तिन्ही गोष्टी दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आत झाल्या. त्यांपैकी कुणीही सुरुवात करताना 'आपल्याकडे कुठलं आलंय हे' म्हणून थांबलं नाही.

इंधनाचंही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये जपानच्या इंटरस्टेलर टेक्नॉलॉजीज या कंपनीने होक्काइदोत एक रॉकेट इंजिन चालवलं. त्यातला द्रव मिथेन गाईंच्या शेणापासून मिळवला होता. आपल्याकडे शेणही आहे आणि साखर कारखान्यांचा प्रेसमडही, ज्याच्यापासून बायोगॅस करतात. उद्या कारखान्याच्या गेटातून रॉकेटचं इंधन निघेल असं मी म्हणत नाही, शुद्धीकरण हा मोठाच खर्च आहे. पण मिथेन पेटतो कसा, विझतो कधी, काजळी किती धरतो, हे अभ्यासायला कच्चा माल दाराशी आहे.

अडचण वेगळीच आहे आणि ती आपल्या सगळ्यांना माहितीय. फायनल इयरचा प्रोजेक्ट रेडीमेड मिळतो. रिपोर्टसकट. मेकॅनिकलचा मुलगा फिजिक्सच्या लॅबमध्ये पाय ठेवत नाही. फिजिक्सच्या बीएस्सीच्या मुलीला लेझर, लेन्स, व्यतिकरण सगळं येतं, पण इंजिन तिने कधी उघडून बघितलेलं नसतं. लेझर इग्निशन हा विषय बरोबर या दोघांच्या मधल्या भिंतीवर बसलाय. दोघांपैकी एकटा कुणी तो सोडवू शकत नाही.

सुरुवात करायला रॉकेट लागत नाही. गॅसच्या शेगडीचा लायटर दाबल्यापासून ज्योत पूर्ण पसरेपर्यंत किती वेळ जातो, हे लॅबमध्ये सरांसमोर, साध्या स्लो-मोने मोजता येतं. २४० फ्रेमला प्रत्येक फ्रेम साधारण चार मिलिसेकंद. एक अंतर्गोल आरसा, एक एलईडी आणि एक ब्लेड यांच्या मदतीने तापलेली हवा हलताना डोळ्यांना दिसते. याला श्लीरेन म्हणतात आणि ज्योतीच्या अभ्यासात जगभर वापरतात. वेगवेगळ्या काचांवर काजळी किती धरते आणि त्यातून प्रकाश किती कमी होतो, हे एका लक्समीटरवर मोजता येतं. तिन्ही प्रयोग खरे आहेत, त्यांची उत्तरं कुठल्याही झेरॉक्स सेंटरवर विकत मिळत नाहीत.

एक मात्र बजावून सांगते. टेरेसवर रॉकेट बनवायचं नाही आणि ऑनलाइन मिळणारा जोरदार लेझर मागवून खेळायचं तर मुळीच नाही. तो १,०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, म्हणून पापणी मिटायच्या आत डोळा कायमचा जाऊ शकतो. लॅब, चष्मा आणि शिकवणारं माणूस, तिन्ही असेल तरच.

९६ महिन्यांचा हिशेब

एनजीएलव्हीची मुदत मंजुरीपासून मोजली तर २०३२ मध्ये संपते. आज जो एफवायला आहे तो तेव्हा नोकरीत स्थिरावला असेल. त्या रॉकेटचं इंजिन जमिनीवर उतरताना पुन्हा पेटेल तेव्हा टीव्हीवर सगळा देश बघत असेल. ते कशाने पेटेल, मशालीने, कुपीने की लेझरने, हे आज सांगता येत नाही. ज्याने पेटेल ते कुणीतरी शेकडो वेळा पेटवून, विझवून, काच पुसून, पुन्हा पेटवून तपासलेलं असेल, एवढं मात्र नक्की.

ते काम करणाऱ्यांत विश्रामबागचं, कराडचं, इस्लामपूरचं किंवा साताऱ्याचं कुणी असेल का, हे २०३२ मध्ये नाही, येत्या सेमिस्टरला प्रोजेक्टचा विषय निवडताना ठरणार आहे. विषय सुचवायची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी जवळ आलेली असते. फिजिक्सची लॅब तळमजल्यावर असेल तर एकदा खाली उतरून बघा, तिथे कोण बसलंय ते.

आणि हो, पहिल्या टक्‌ला गॅस पेटला नाही, तर नॉब आधी बंद करा.